नागपुरात तत्त्वचर्चेचं मंडळ सुरू करताना

तत्त्वचर्चा करायची तर आधी तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचलेली असावी लागतात, या समजापायी बरेच जण दारातूनच परत फिरतात. खरं पाहता समाज, राजकीय स्वातंत्र्य आणि नीती यांवर नीट बोलायला तीन गोष्टी पुरतात: स्वतःच्या आयुष्यातलं एखादं खरं उदाहरण, समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत परत सांगता येणं, आणि 'माझं इथं चुकलं' म्हणायची तयारी. वाचन मागाहून येतं, आणि मग ते अंगी लागतं. ज्यांना नागपुरात असं मंडळ सुरू करायचं आहे किंवा अशा मंडळात पहिल्यांदा जाऊन बसायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

वाद, जल्प आणि वितंडा

न्यायदर्शन या जुन्या भारतीय तर्कपरंपरेनं चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारानं केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली, शब्दांचे डावपेच चालवून घेणारी चर्चा तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती पाडत राहायची, ती वितंडा. आज मराठीत 'वाद घालणे' म्हणजे भांडणे झालं आहे. मूळ शब्दाचा अर्थ मात्र मंडळाला हवा तोच आहे. टीव्हीवरची रात्रीची चर्चा हा जल्प. पानठेल्यावर राजकारण रंगतं, तेव्हा बहुतेकदा वितंडा चालू असतो. मंडळात आलेल्या माणसाला या दोन्हींची सवय असते, वादाची नसते. ती पहिल्या तीन-चार बैठकांत लावावी लागते.

पाली परंपरेतल्या मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात हाच भेद आणखी सोपा करून सांगितला आहे. नागसेन राजाला म्हणतो, पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या बोलण्यात एकमेकांच्या चुका दाखवल्या जातात, गाठी बसतात, उकलतात, आणि कोणी रागावत नाही. राजा मात्र एक मत मांडतो आणि जो ते मानत नाही त्याला शिक्षा करतो. पहिल्या बैठकीत नियमांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा हा प्रसंग दोन मिनिटांत सांगावा. नंतर कोणाचा आवाज चढला, तर 'भाऊ, हे राजाचं बोलणं झालं' एवढं म्हटलं की पुरतं.

नागपुरात याची गरज जास्त आहे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ साली याच शहरात झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बौद्ध धम्माची दीक्षा याच शहरात घेतली. इथल्या माणसाला समोरच्याचं आडनाव, वस्ती आणि पहिला नमस्कार कळला की त्याची सगळी मतं कळली असं वाटतं, आणि मग ऐकणं थांबतं. म्हणून पहिला नियम: ओळख फक्त पहिल्या नावानं. आडनाव, पद, पक्ष, संस्था काहीच सांगायचं नाही. 'सर', 'मॅडम', 'साहेब' दाराबाहेर ठेवायचं. बावीस वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या गृहस्थांपर्यंत सगळ्यांना भाऊ किंवा ताई. 'सर' म्हटलं की ऐकणारा विद्यार्थी होतो, आणि विद्यार्थी हरकत घेत नाही.

माणसं आणि कामं

आठ ते बारा जण असावेत. बैठकीत प्रत्यक्ष बोलायला सत्तर मिनिटं मिळतात असं धरलं, तर दहा जणांत प्रत्येकी सात मिनिटं येतात. वीस जण झाले तर साडेतीन, आणि साडेतीन मिनिटांत माणूस मत सांगू शकतो, बदलू शकत नाही. सहापेक्षा कमी असले तर दोघंच बोलतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. दहा यावेत असं वाटत असेल तर पंधरांना सांगा. सगळे एकाच कॉलनीतले, एकाच ऑफिसातले किंवा एकाच पक्षातले घेऊ नका, कारण तिथं कोण कोणाचं ऐकतं हे आधीच ठरलेलं असतं.

तिघांना कामं वाटून द्यायची. सूत्रधार प्रश्न सांभाळतो आणि त्या दिवशी स्वतःचं मत देत नाही. हे फार कठीण आहे, पण इथं सूट देऊ नये. सूत्रधारानं एकदा बाजू घेतली की विरुद्ध बाजूचे लोक त्याच्याशीच लढू लागतात. फारच राहवलं नाही, तर त्यानं कामगिरी दुसऱ्याकडे सोपवावी आणि मग बोलावं. नोंदकार भिंतीवरच्या कागदावर वाक्यं लिहितो. तिसरा माणूस वेळ पाहतो.

जागा, वेळ, सामान

शांत खोली हवी आणि खुर्च्या गोल मांडता आल्या पाहिजेत. वाचनालयाची बाजूची खोली, रविवारी रिकामा असलेला वर्ग, सोसायटीचा लहान हॉल, मोठी गच्ची, यांतलं काहीही चालेल. मंच, माइक, हार, दीपप्रज्वलन आणि प्रमुख पाहुणे टाळाच. आपल्याकडे सभा म्हटली की एक बोलणार आणि बाकीचे ऐकणार हे अंगवळणी पडलेलं आहे. खुर्च्या रांगेत लावल्या की तेच होतं.

कोणाच्या घरी भरवणार असाल तर चहा बाहेरून थर्मासमध्ये आणा. नाहीतर त्या घरातली बाई पावणेदोन तास स्वयंपाकघरात असते, आणि बाहेर स्त्री-पुरुष समतेवर चर्चा चालू असते.

शहराच्या सगळ्या भागांतून लोक यावेत असं वाटत असेल तर सीताबर्डीच्या जवळपास जागा पाहा. मेट्रोचे दोन्ही मार्ग तिथं मिळतात, त्यामुळे वर्धमाननगरहून येणाऱ्यालाही सोपं जातं आणि खापरीकडून येणाऱ्यालाही. वेळ रविवारी सकाळी आठ ते पावणेदहा ही सर्वांत बरी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा ती सात करा. संध्याकाळी सातची बैठक पुरुषांना सोयीची असते आणि स्त्रियांना गैरसोयीची. ती ठेवली की गट आपोआप एकारतो, आणि मग 'बायका येतच नाहीत' अशी तक्रार सुरू होते. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा कामाच्या दिवशी बर्डी आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूला बैठक ठेवू नका, मोर्चे आणि बॅरिकेडमुळे अर्धे लोक पोहोचत नाहीत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दिवसांत दीक्षाभूमीच्या परिसराचंही तसंच. बागेत बसणार असाल, तर त्या वेळी शहरात जमावबंदी लागू आहे का ते आधी पाहून घ्या. पूर्वी तो आदेश कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो.

सामान थोडं लागतं: मोठे चार्ट पेपर चार, जाड मार्कर दोन, चिकटपट्टी, माणशी एक कोरा कागद आणि पेन, उताऱ्याच्या बारा झेरॉक्स प्रती, आणि चाळीस-पन्नास चिंचोके. चिंचोक्यांचं पुढं येईल. उतारा एका पानाचा, तीन-चारशे शब्दांचा आणि ठळक मोठ्या टायपात असावा. दोन पानांचा दिला की निम्मे लोक वाचल्यासारखं करतात.

प्रश्न कसा घडवायचा

मंडळ प्रश्नावर तरतं किंवा बुडतं. यावर जितका वेळ द्याल तितका थोडा. सूत्रधारानं बैठकीच्या आधी किमान एक तास नुसता प्रश्न घासण्यात घालवावा.

चांगल्या प्रश्नाच्या चार कसोट्या आहेत. त्याचं उत्तर मोबाइलवर शोधून मिळू नये. त्याचं उत्तर एखाद्या माणसाला किंवा पक्षाला बरं-वाईट म्हणून संपू नये. खोलीतल्या प्रत्येकाकडे त्यावर स्वतःचा एक तरी अनुभव असावा. आणि तो एका वाक्यात, शक्यतो बारा शब्दांत बसावा.

वेगळ्या विदर्भाचं उदाहरण घ्या. 'वेगळा विदर्भ व्हावा का?' असं विचारलंत तर दहा मिनिटांत सिंचनाचा अनुशेष, पुण्या-मुंबईची पळवापळवी आणि नेत्यांची नावं येतील. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी आकडेवारी आणि तज्ज्ञ हवेत. खोलीत दोन्ही नसतात. त्याच विषयाचा तात्त्विक प्रश्न असा होतो: 'एखाद्या प्रदेशाला वेगळं होण्याचा हक्क कशातून मिळतो?' अन्याय झाला म्हणून? भाषा किंवा इतिहास निराळा म्हणून? तिथल्या बहुसंख्यांना वाटतं म्हणून? की दिलेला शब्द मोडला म्हणून? शेवटचा मुद्दा आला की विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी केलेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आपसूक टेबलावर येतो. नेत्यांनी केलेला करार पुढच्या पिढीला बांधतो का, हा त्यातून निघणारा प्रश्न राजकीय तत्त्वज्ञानातल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक आहे, आणि तो इथल्या माणसाला परका वाटत नाही.

याच रीतीनं 'आरक्षण असावं का' याऐवजी 'आजोबांवर झालेल्या अन्यायाची भरपाई नातवाला मिळावी का' असा प्रश्न येतो. 'आजची मुलं बिघडली आहेत का' याऐवजी 'आईवडिलांचं ऋण फेडता येतं का'. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत घुसलं तेव्हा सगळं शहर 'दोष कोणाचा' यावर बोलत होतं. मंडळात तो प्रश्न असा मांडावा: 'पुष्कळांच्या छोट्या छोट्या चुकांतून मोठं नुकसान झालं तर जबाबदार कोण?'

काही विषय पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नयेत. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच जमावानं एका गुंडाला ठार मारलं. कस्तुरबानगर वस्तीतल्या स्त्रियांनी त्याआधी त्याच्या हातून काय सोसलं होतं, ते या शहराला ठाऊक आहे. न्यायव्यवस्था हात झटकते तेव्हा लोकांनी काय करायचं, हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि तो खराच मोठा आहे. पण खोलीत त्या वस्तीतलं कोणी असू शकतं, पोलीस खात्यातलं कोणी असू शकतं, तसलाच अत्याचार सोसलेलं कोणी असू शकतं. एकमेकांवर विश्वास बसेपर्यंत थांबा.

एका बैठकीचा आराखडा

सुरुवातीची दहा मिनिटं नावं आणि नियम. नियम तीनच: दुसऱ्याचं बोलणं संपल्याशिवाय बोलायचं नाही, हरकत घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं परत सांगायचं, आणि इथं कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही. मुद्दे बाहेर न्या, नावं नेऊ नका. रेकॉर्डिंग आणि फोटो बंद.

पुढची पाच मिनिटं पूर्ण शांतता. प्रश्न भिंतीवर लावलेला असतो, प्रत्येकजण आपलं उत्तर दोन ओळींत कागदावर लिहितो. हे टाळू नका. लिहून झालं नाही तर पहिला बोलणारा जे म्हणेल त्याच्या अवतीभवतीच चर्चा फिरते, आणि पहिला बोलणारा बहुतेकदा खोलीतला सर्वांत आत्मविश्वासू पुरुष असतो. लिहिलेलं उत्तर हातात असलं की लाजणारा माणूसही ते वाचून दाखवतो.

मग वीस मिनिटं उदाहरणं. त्यानंतर पन्नास मिनिटं मुख्य चर्चा, दहा मिनिटं मागं वळून पाहणं, आणि शेवटची दहा पुढच्या प्रश्नासाठी. एकूण एकशे पाच मिनिटं. चहा संपल्यावर. मध्ये चहा आला की गट फुटतो आणि परत जुळायला पंधरा मिनिटं जातात. तर्री पोहे खायचे असतील तर बैठकीनंतर ठेल्यावर जा. खरं सांगायचं तर निम्म्या गाठी तिथंच उकलतात.

चिंचोके मुख्य चर्चेत वापरायचे. प्रत्येकाला चार द्या, दर बोलण्याला एक मध्ये ठेवायचा, एका बोलण्याला दीड मिनिट. दहा जणांचे चाळीस चिंचोके म्हणजे साठ मिनिटं होतात, पण सगळे कधीच संपत नाहीत, त्यामुळे पन्नास मिनिटांत बसतं. समोरच्याला 'म्हणजे काय?' विचारायला चिंचोका लागत नाही. लोक मग जास्त प्रश्न विचारू लागतात. तीन-चार बैठकांनंतर चिंचोक्यांची गरज उरत नाही, तेव्हा ते बंद करा.

एक प्रश्न उलगडून पाहू

प्रश्न घेऊ: 'कायदा मोडणं कधी योग्य असतं?'

इथं जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन याची पद्धत फार उपयोगी पडते. १९२२ साली त्यानं सॉक्रेटिसच्या संवादपद्धतीवर व्याख्यान दिलं, आणि पुढं त्याचा शिष्य गुस्टाव्ह हेकमान यानं ती गटचर्चेसाठी घडवली. तिचा गाभा असा: सिद्धांतापासून निघायचं नाही, गटातल्या एकाच्या खऱ्या अनुभवापासून निघायचं. अनुभव त्याचा स्वतःचा हवा, साधा हवा, संपून गेलेला हवा, आणि इतरांना त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहता आलं पाहिजे. चालू असलेलं कोर्टाचं प्रकरण किंवा कालच झालेलं घरातलं भांडण घेऊ नये, त्यात माणूस विचार करत नाही, स्वतःला वाचवतो.

समजा एकानं सांगितलं: रात्री बारा वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागलं, गाडीवर बसवून मेडिकल रुग्णालयात नेताना बर्डीवरच्या व्हेरायटी चौकात लाल सिग्नल तोडला. नोंदकार हे चार ओळींत लिहितो. मग गट तथ्यं विचारतो: रस्त्यावर कोणी होतं का, वेग किती होता, थांबलो असतो तर किती वेळ गेला असता. हे प्रश्न संपेपर्यंत मत द्यायचं नाही.

पहिली पायरी निवाडा: त्यानं केलं ते योग्य होतं का? बहुतेक सगळे हो म्हणतील. दुसरी पायरी कारण: का योग्य? कोणी म्हणेल, जीव नियमापेक्षा मोठा. कोणी म्हणेल, सिग्नल अपघात टाळण्यासाठी असतो, आणि रस्ता रिकामा असताना त्याचा हेतू बिघडत नव्हता. ही दोन कारणं वेगळी आहेत, ती वेगळ्या कागदांवर लिहा. तिसरी पायरी तत्त्व: दुसऱ्या कारणातून नियम असा निघतो की, नियमाचा हेतू बिघडत नसेल तर तो मोडायला हरकत नाही. आता त्याच्यावर उलट उदाहरण टाका. मुलाखतीला उशीर झालेला माणूस रिकामा रस्ता पाहून सिग्नल तोडतो. हेतू इथंही बिघडत नाही. मग हेही योग्य? इथं खोली शांत होते. ती शांतता सूत्रधारानं मोडू नये. पूर्ण एक मिनिट थांबावं.

मग इतिहासातलं उदाहरण आणा. १९२३ च्या मे ते ऑगस्टमध्ये याच शहरात झेंडा सत्याग्रह झाला. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला सरकारनं बंदी केली होती. जमनालाल बजाज आणि पुढं वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांच्या तुकड्या बंदी मोडायला जात आणि अटक होत. सिग्नल तोडणारा आणि सत्याग्रही, दोघांनी नियम मोडला. फरक कुठे? सत्याग्रही दिवसाढवळ्या, सांगून मोडतो. तो शिक्षा टाळत नाही. त्याला स्वतःसाठी सूट नको असते, नियमच बदलून हवा असतो. सिग्नल तोडणारा मात्र सिग्नल असावा असंच मानतो, त्याला एकदाच अपवाद हवा असतो. म्हणजे कायदा मोडण्याचे दोन वेगळे प्रकार हाती लागले: अपवाद मागणं आणि विरोध करणं. दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या असणार. एवढं एका बैठकीत झालं तर ती उत्तम बैठक. एकमत झालं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मतभेद नेमका कोणत्या वाक्यावर आहे, ते भिंतीवरच्या कागदावर दिसलं की त्या दिवसाचं काम झालं.

शब्दांचे सापळे

अर्धी भांडणं एका शब्दाचे दोन अर्थ धरल्यामुळे होतात. न्यायदर्शनात याला वाक्छल म्हणतात आणि त्याचं उदाहरण मराठी माणसाला लगेच कळतं. 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे त्याच्याकडे नवी घोंगडी आहे. समोरचा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते.

मंडळात 'धर्म' हा शब्द असाच घात करतो. एकजण कर्तव्य म्हणून बोलतो, दुसरा पंथ म्हणून, आणि नागपुरात तिसरा 'धम्म' म्हणतो तेव्हा त्याला या दोन्हींपेक्षा वेगळं काही म्हणायचं असतं. 'समता' आणि 'समरसता' हे शब्द अदलाबदल करून वापरू नका, त्यांच्यामागं दोन वेगळे विचार आहेत आणि ऐकणाऱ्याला ते चांगले ठाऊक असतात. 'स्वातंत्र्य' म्हणजे कोणी अडवत नाही ही मोकळीक, की हवं ते करण्याची खरी ताकद? शिकायला कोणी मनाई केली नाही, पण फीचे पैसे नाहीत, त्या मुलीला शिकण्याचं स्वातंत्र्य आहे का? एका कागदावर 'शब्द' असं शीर्षक टाका, अडला शब्द तिथं लिहा आणि गटापुरता त्याचा अर्थ ठरवा. शब्दकोश काढू नका. शब्दकोशात सगळेच अर्थ असतात, आपल्याला कोणता हवा ते तो सांगत नाही.

भाषेचंही तसंच. नागपुरात गटात निम्मे जण हिंदीत सहज बोलतात. बोलू द्या. भिंतीवर मात्र मराठीत लिहा, आणि लिहिलेलं बोलणाऱ्याला वाचून दाखवा: 'तुमचं म्हणणं असंच ना?' दुसऱ्या भाषेत नेताना वाक्यातला धूसरपणा उघडा पडतो.

काय बिघडतं, आणि का

सर्वांत नेहमीचा बिघाड म्हणजे भाषण. बहुतेकदा वाचलेला, अनुभवी, भला माणूस असतो, त्याला अनेक वर्षांत कोणी ऐकलेलं नसतं. त्याला तोडून टाकू नका. 'भाऊ, यातलं एक वाक्य भिंतीवर लिहायचं तर कोणतं?' असं विचारा. वाक्य निघतं, भाषण थांबतं, आणि त्याचा मान राहतो.

दुसरा बिघाड नावांचा. चर्चेत चालू राजकारणातल्या नेत्याचं नाव आलं की प्रत्येकजण आपापल्या ठाण्यावर परततो. पहिली दोन वर्षं हयात राजकारण्यांची आणि पक्षांची नावं नकोत, हा नियम कडक वाटतो, पण आमच्या मते तो ठेवावाच. 'सत्तेतला माणूस' एवढं म्हणून सगळं बोलता येतं.

'ज्याचं त्याचं मत' हे वाक्य ऐकू आलं की चर्चा मेली असं समजा. ते सभ्य वाटतं, पण त्याचा अर्थ 'मला आता ऐकायचं नाही' असा असतो. सूत्रधारानं विचारावं: दोन्ही मतं बरोबर असू शकतात का? नसतील तर कोणतं कारण कमी पडतं?

कोणी दुखावलं गेलं, तर चर्चा थांबवा. विषय पुढं रेटू नका. हेकमानच्या पद्धतीत यासाठी वेगळी जागा आहे: प्रश्न बाजूला ठेवून 'आपण कसं बोलत आहोत' यावर बोलायचं. आराखड्यातली शेवटून दुसरी दहा मिनिटं त्यासाठीच आहेत, पण गरज पडली तर ती मध्येच काढावीत. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द जिथं आले असतील, तिथूनच दुखणं सुरू झालेलं असतं.

व्हॉट्सॲपचा गट फक्त वेळ आणि जागा कळवण्यापुरता. तिथं चर्चा सुरू झाली की आठवड्यात दोघं बाहेर पडतात, कारण लिहिलेल्या वाक्याला चेहरा नसतो.

पुढच्या बैठका

पंधरा दिवसांतून एकदा भेटणं बरं. आठवड्याला थकवा येतो, महिन्याला धागा तुटतो. दुसऱ्या बैठकीला संविधानाच्या अनुच्छेद १९ मधला भाषणस्वातंत्र्याचा भाग, १९(१)(क) आणि १९(२), शेजारी शेजारी छापून आणा. एक खंड स्वातंत्र्य देतो, दुसरा त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात ते सांगतो. 'वाजवी' हा शब्द तिथं १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आला. निर्बंधाच्या कारणांत 'सभ्यता अथवा नीतिमत्ता' आहे. कोणाची नीतिमत्ता, एवढ्या दोन शब्दांवर अख्खी बैठक होते.

तिसऱ्या बैठकीला बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण घ्या, त्यातला राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातल्या विसंगतीचा भाग. नागपुरात हे भाषण अनेकांना पाठ असतं, तेव्हा आदरानं मान डोलावण्यातच वेळ जाण्याची भीती असते. त्यावर उपाय असा की, प्रत्येकानं त्या विसंगतीचं आपल्या गल्लीतलं, याच महिन्यातलं एक उदाहरण सांगायचं.

चौथ्या बैठकीला आणीबाणीतला २८ एप्रिल १९७६ चा बंदी प्रत्यक्षीकरणाचा निकाल चालेल, म्हणजे आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, यावरचा. चार न्यायमूर्ती एका बाजूला आणि न्या. एच. आर. खन्ना एकटे दुसऱ्या बाजूला. तो बहुमताचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये चुकीचा ठरवला. प्रश्न: जगण्याचा हक्क राज्य देतं की फक्त मान्य करतं? इथवर आलेला गट हा प्रश्न पेलतो.

जोडीला वाचायला काही हवं असेल तर दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून सुरू केलेल्या 'आजचा सुधारक' या मासिकाचे जुने अंक पाहा. विवेकवाद, स्वातंत्र्य, नीती यांवर साध्या मराठीत वाद कसा चालवावा, ते त्यात दिसतं. एखादा लेख घ्या आणि त्याचा पूर्वपक्ष, म्हणजे तो ज्या मताला उत्तर देतो ते मत, आधी स्वतः मांडून पाहा.

पाचव्या बैठकीपासून सूत्रधार बदला. चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि नव्याला एक बैठक आधी कळवा म्हणजे प्रश्न घासायला त्याला वेळ मिळेल. भिंतीवरचे कागद फेकू नका, मागं तारीख घालून गुंडाळी करून ठेवा. सहा महिन्यांनी पहिला कागद परत लावा आणि तोच प्रश्न पुन्हा घ्या. तेव्हा लिहिलेल्या दोन ओळी प्रत्येकाला परत द्या. त्यासाठी पहिल्याच दिवशी त्या चिठ्ठ्या नावासकट गोळा करून एका पाकिटात बंद करायला विसरू नका.